लाल शाईतली दुरुस्ती

४ मार्च

नव्या वहीचं पहिलं पान यादीला द्यायचं, ही माझी पद्धत. आजवर मी या दोन हातांनी केलेल्या वस्तू:

बिघडलेल्या इस्त्रीच्या तव्यापासून काचपट्ट्या सुकवायची तापपाटी, एक. मोटारीची काच पुसणाऱ्या मोटरवर चालणारा, रक्ताच्या नळ्या झुलवणारा पाळणा, दोन (पहिला अजून चालतो; दुसरा पहिल्यापेक्षा शांत). फ्रीजचं दार उघडं राहिलं की बोंबलणारी घंटी, सहा. सूक्ष्मदर्शकाचा पितळी स्क्रू, आटे स्वतः पाडलेला. आणि सेंट्रिफ्यूजची चकती, एक.

ही शेवटची वस्तू माझा अभिमान. सेंट्रिफ्यूज म्हणजे रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून पेशी तळाला बसवणारं यंत्र. वर राहतं ते पिवळसर पाणी, प्लाझ्मा. बऱ्याच तपासण्या त्यावर होतात. चौदा महिन्यांपूर्वी जुन्या चकतीला तडा गेला. कंपनीने नवीसाठी तीन महिने सांगितले. मी ॲल्युमिनियमचा ठोकळा आणून चार दिवसांत लेथवर नवी उतरवली. आठ भोकं, समोरासमोरच्या भोकांत वजनाचा फरक एक दशांश ग्रॅमसुद्धा नाही. यंत्रावर पाणी भरलेला पेला ठेवून दाखवला होता सगळ्यांना. पाण्यावर तरंग उठला नाही.

माझी शाळा नववीत सुटली. इस्पितळात मला नावाने कोणी हाक मारत नाही. "बायोमेडिकलला बोलवा," म्हणतात, आणि मी जातो. खोलीच्या दारावर पाटीही तीच आहे.

लेक त्याच नावाच्या विषयात दुसऱ्या वर्षाला आहे. आज जेवताना म्हणाली, "बाबा, 'जैववैद्यक: अर्थ आणि व्याप्ती' यावर दोन पानं लिहायचीत. तुम्ही काय म्हणाल?"

मी ताट बाजूला सारलं. "माणसाच्या शरीराला लागणारी यंत्रं बसवणं, चालवणं आणि दुरुस्त करणं म्हणजे जैववैद्यक. व्याप्ती: तळमजला ते चौथा मजला, लिफ्ट सोडून."

ती हसली. "ते तुमचं खातं झालं, बाबा. विषय वेगळा आहे. शरीर आतून कसं चालतं, आजारात नेमकी कुठली पायरी निसटते, औषध तिथे जाऊन काय करतं. जीवशास्त्र, रसायन, भौतिकसुद्धा. नळीतल्या थेंबापासून माणसापर्यंत."

"आणि तो थेंब फिरवतं कोण?"

"तुम्ही."

"मग झालं तर. लिही."

"अहो, ताट जवळ घ्या आधी," बायको म्हणाली.

६ मार्च

लेकीचा वर्ग आज आमची लॅब पाहायला आला. त्यांच्या बाई वर मोठ्या मॅडमकडे चहाला बसल्या. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. खाली मुलांना रक्तवाल्याने फिरवलं. हा आमचा तंत्रज्ञ. सकाळपासून रक्तं काढतो म्हणून रक्तवाला. मला उस्ताद म्हणतो.

"आता उस्तादांची चकती बघा," त्याने माझ्याकडे बोट केलं.

मी झाकण उघडून दाखवली. पाण्याचा पेलाही ठेवला. मग माझा ठरलेला विनोद सांगितला. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद आहे. रक्त गोठण्याच्या तपासणीच्या किटसोबत तो येतो. त्यात छापलंय: नळ्या '१५०० × जी' वर पंधरा मिनिटं फिरवा. जी म्हणजे ग्रॅम. दीड हजार ग्रॅम म्हणजे दीड किलो. "दीड किलो रक्त नळीत घालायचं की माणसाचंच?" मी विचारलं. "एवढी मोठी कंपनी, आणि छापताना डुलकी. मी काट मारली आणि लाल शाईने बरोबर करून ठेवलं: मिनिटाला फेरे ३०००, मिनिटं १५. खाली सही."

मुलं हसली. मागची दोघं एकमेकांना कोपराने ढोसत जरा जास्तच हसली. विनोद नीट कळला असावा. लेक हसली नाही. तिने तो घरी पन्नासदा ऐकलाय. तिने माझ्या खिशातली पट्टी मागितली आणि मधल्या खिळीपासून नळीच्या बुडापर्यंत अंतर मोजलं. मोजायची आवड माझ्याकडून आली.

"जुनी चकती एवढीच होती का, बाबा?"

"मोठी होती. सोळा सेंटिमीटर. ठोकळा लहान मिळाला म्हणून ही साडेदहा. पण नळ्या तेवढ्याच बसतात की नाही?"

"बसतात," ती म्हणाली. घरी येताना वाटेत गप्प होती. पाय दुखत असतील, दिवसभर उभी होती.

९ मार्च

लेक माझ्या कामाच्या टेबलावर पुस्तक विसरून गेली. जाडजूड, ग्रंथालयाचं. मध्ये कागदाची चिठ्ठी खोचलेली. तिच्या खोलीत नेऊन ठेवलं.

११ मार्च

पुन्हा तेच पुस्तक, तेच टेबल. आता माझ्या पक्कडीवर. रागावलो. "पुस्तकाला तेल लागलं तर दंड कोण भरणार?" म्हणाली, "सॉरी बाबा. तुम्ही चाळलंत का?" मी म्हटलं, मला माझी कामं आहेत.

आज एक टायवाला आला होता. यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस. रक्तवाल्याकडून माझ्या चकतीची कीर्ती ऐकून आलाय. बराच वेळ ती हातात फिरवत राहिला. लहान लॅबना स्वस्त चकत्या हव्या असतात, आम्ही तुमचा आराखडा विकत घेतो, म्हणाला. रक्कम कागदावर लिहून कागद माझ्याकडे सरकवला. मी चेहरा हलू दिला नाही. कपातला चहा मात्र हलला.

त्याची अट एकच: 'ही चकती एका मोठ्या इस्पितळात चौदा महिने बिनचूक चालली' असं मी सही करून द्यायचं. सही माझी नेहमीची, वळणदार. देईन म्हटलं. त्याचे कागद तयार व्हायला तीन आठवडे.

१४ मार्च

खालच्या मजल्यावरची शिलाईवाली पुन्हा गरोदर आहे. बायकोने सांगितलं, तेही हळू आवाजात, कारण यापूर्वी तीनदा पोटातलं मूल गेलंय. सातवा आठवडा. तिचं शिलाई मशीन मी दुरुस्त करतो, फुकट. मला दादा म्हणते.

दुसऱ्या वेळेनंतर डॉक्टरांनी तिचं रक्त आमच्याकडे पाठवलं होतं. अकरा महिने झाले. रक्त नको तिथे गोठायचा एक दोष असतो. त्याने वारेत गुठळ्या होऊन मूल दगावतं. दोष सापडला तर इंजेक्शनं देतात आणि पुष्कळ बायकांची मुलं राहतात. तिचा रिपोर्ट 'दोष नाही' असा आला. तो मीच घरी आणून दिला होता. "माझ्या हातच्या चकतीवर फिरलेलं रक्त आहे," म्हटलं होतं, "डोळे मिटून विश्वास ठेव."

तिने ठेवला. त्यानंतर तिसरं गेलं.

लेक हे ऐकत दारात उभी होती. एकदम म्हणाली, "त्यांचं रक्त परत तपासायला हवं."

"कशाला? एकदा तपासलंय."

ती तिच्या खोलीत गेली.

१५ मार्च

तिसऱ्यांदा पुस्तक. आता तर उघडंच ठेवून गेली, पान ११२, वर माझीच पट्टी ठेवलेली. एवढी विसराळू कधीपासून झाली? मिटायला घेतलं, आणि नजर गेली.

'जी' म्हणजे ग्रॅम नव्हे.

जी म्हणजे पृथ्वीची ओढ. १५०० × जी म्हणजे नळीतल्या कणाला त्याच्या वजनाच्या दीड हजार पट जोराने बुडाकडे दाबायचं. तो जोर नुसत्या फेऱ्यांवर नाही, मधल्या खिळीपासून नळीच्या बुडापर्यंतच्या अंतरावरही ठरतो. सूत्र दिलंय. समासात पेन्सिलने कुणी आकडेमोड करून खोडलीय, वाचता येत नाही. ग्रंथालयाचं पुस्तक, कुणा आधीच्या विद्यार्थ्याचं असेल.

गणित मी सहा वेळा केलं. जुनी चकती, सोळा सेंटिमीटर, तीन हजार फेरे: सोळाशे दहा. बरोबर. माझी चकती, साडेदहा, तेच तीन हजार फेरे: एक हजार छप्पन्न.

जुनी चकती होती तोवर माझी लाल शाई नशिबाने खरी होती. बाकीच्या तपासण्यांना हजार पुरतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. गोठण्याच्या तपासणीला पुरत नाही. तेही पुढच्याच परिच्छेदात आहे. रक्तातले प्लेटलेट नावाचे बारीक कण वरच राहतात. प्लाझ्मा साठवायला बर्फासारखा गोठवला की ते फुटतात आणि दोष झाकून टाकतात. आम्ही या तपासणीचे नमुने गोठवूनच ठेवतो आणि आठवड्यातून एकदा लावतो.

म्हणजे छापणारा जागा होता.

खाली तिचं मशीन चालू आहे. बाहीची शिवण असावी, थांबत थांबत चालतंय.

१६ मार्च

रविवार. कुणाला काही बोललो नाही. जे मनात आलं ते लिहितो. ही वही दुसरं कुणी वाचत नाही.

पहिला विचार शिलाईवालीचा आला नाही. पहिला विचार आला तो चौकटीतल्या कागदाचा: उद्या लवकर जाऊन तो काढावा, फेरे गुपचूप सदतीसशे करावेत आणि कागद फाडून टाकावा. साडेदहाला सदतीसशे फेऱ्यांनी जोर पुरा होतो. पुढचं सगळं बरोबर. मागचं कुणाला कळणार नाही. टायवाल्याची सहीही होऊन जाईल.

दुसरा विचार त्या कोपराने ढोसणाऱ्या दोघांचा. ते कशाला हसत होते ते आता कळलं. कान तापले. किती वर्षं सांगतोय मी तो विनोद? मॅडमच्या निरोपसमारंभाच्या भाषणात घालणार होतो.

तिसरा विचार तिचा. तिसरा! मी वजनकाट्यावर एक दशांश ग्रॅम सोडत नाही, आणि माणूस तिसऱ्या नंबरावर.

लेकीने विचारलं, "बाबा, बरं नाही का?" म्हटलं, पोट बिघडलंय. ती समोर बसून राहिली. "माझी ती दोन पानं अजून झाली नाहीत," म्हणाली. "व्याप्तीपाशी अडकलेय." मी म्हटलं, उद्या बघू.

१७ मार्च

आधी पुरावा. रक्तवाल्याला म्हटलं, तुझंच रक्त दे, दोन नळ्या.

"उस्ताद, मी रक्त काढतो. देत नाही."

दिलं. एक नळी तीन हजारांवर फिरवली, एक सदतीसशेवर. मग दोन्हीच्या प्लाझ्मातले प्लेटलेट त्याला मोजायला लावले. दहा हजारांच्या आत हवेत. तीन हजार फेऱ्यांच्या नळीत त्रेचाळीस हजार. सदतीसशेच्या नळीत सहा हजार.

त्याने दोन्ही आकड्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चौकटीकडे. हा माणूस एरवी तोंडाला कुलूप लावत नाही. आज म्हणाला, "मीही हसायचो ना तुमच्याबरोबर," आणि हातमोजे काढायला गेला.

१८ मार्च

मॅडमच्या खोलीत गेलो. चौकट भिंतीवरून काढून काखेत घेतली होती. बसा म्हणाल्या, बसलो नाही.

सगळं सांगितलं: चकतीचं माप, फेरे, मोजणी. सांगताना मध्येच "खरं म्हणजे कंपनीने स्पष्ट लिहायला हवं होतं" असं वाक्य तोंडून निघालं. कुठून आलं कोण जाणे. जीभ चावली.

त्यांनी कागद वाचला. "ही सही तुमची?"

"हो."

"नऊ वर्षं हा माझ्या भिंतीवर आहे. मी रोज याच्यासमोरून जाते." चष्मा काढून ठेवला. "चकती बदलल्यावर सगळ्या तपासण्या पडताळून बघायच्या असतात. ते तुमचं काम नव्हतं, माझं होतं. तुम्ही पेला ठेवून दाखवलात. मी टाळ्या वाजवल्या."

यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं.

"या तपासणीचे चौदा महिन्यांत किती रिपोर्ट गेले?" त्यांनी विचारलं.

मी नोंदवही पाहून आलो होतो. "सदतीस. 'दोष नाही' असे चौतीस."

"साठवलेले नमुने आता उपयोगाचे नाहीत. चौतीस जणांना बोलावून ताजं रक्त घ्यावं लागेल. वर कळवावं लागेल. तुमच्यावर काय कारवाई होईल ते मला सांगता येत नाही."

मी कागद पुसायला खिशातून बोळा काढला.

"खोडू नका," मॅडम म्हणाल्या. "खाली लिहा. काय चुकलं, केव्हापासून, कुणाचं. तारीख टाका. आणि मलाही जागा ठेवा सहीला."

१९ मार्च

पत्रं इस्पितळ पाठवेल. पण हिला पत्राने कळवायचं? खाली गेलो. कामावर जायच्या आधी, सकाळी साडेआठला.

ती काज करत होती. "या दादा. मशीन बरं आहे, आज कसे काय?"

"मशीनसाठी नाही."

उभ्याउभ्याच सांगितलं. सूत्र वगैरे सांगू लागलो तेव्हा तिने हात वर केला. "मला समजेल असं सांगा. रिपोर्ट चुकीचा होता?"

"असू शकतो. आज ताजं रक्त द्यायला चल. मी—"

"बरोबर असता तर मागच्या वेळचं राहिलं असतं?"

याचं उत्तर मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही. एका तपासणीने सगळं ठरत नाही, असं त्या म्हणतात. ते सांगितलं असतं तर खरंच होतं. पण ते माझ्या तोंडून पळवाटेसारखं निघालं असतं. "राहिलं असतंही कदाचित," म्हटलं.

तिने सुई कापडात खोचून ठेवली.

"तुम्ही म्हणाला होतात, डोळे मिटून," ती म्हणाली.

"हो."

"जा आता, दादा. वहिनींना पाठवा. त्यांच्याबरोबर जाईन मी रक्त द्यायला. तुमच्याबरोबर नाही."

जिना चढून वर आलो. एकवीस पायऱ्या. मीच मोजल्या होत्या कधीतरी, कठडा बसवताना.

बायकोला सांगितलं. ती पदर खोचून लगेच निघाली. दारात वळून म्हणाली, "पुरुषमाणसांना पेल्यातलं पाणी हलत नाही एवढंच दिसतं." हे ती रागाने म्हणाली की कसं, कळलं नाही.

२४ मार्च

चौकशी झाली. वरचे तिघे, समोर मी आणि मॅडम. माझ्या खोलीच्या किल्ल्या काढून घेतल्या. निर्णय लागेपर्यंत मी दिवे आणि पंखे पाहायचे, लॅबच्या यंत्रांना हात लावायचा नाही. चकती उतरवून मॅडमच्या कपाटात ठेवली. फिरवायचं काम उसन्या यंत्रावर चाललंय.

चौतीसांपैकी एकोणीस जण येऊन रक्त देऊन गेले. सात जणांचे पत्ते बदललेत. रोज काम सुटल्यावर मी त्या जुन्या पत्त्यांवर जाऊन शेजाऱ्यांना विचारतो. कुणी विचारलं कोण आपण, तर सांगतो, लॅबमधून आलोय. बायोमेडिकल म्हणवत नाही.

खाली शिलाई मशीनला कुणी दुसऱ्या कारागिराने हात लावलाय. पट्टा सैल आहे. आवाजावरून कळतं, दर आठ-दहा टाक्यांनी घसरतो. दोन मिनिटांचं काम. जाता येत नाही.

३० मार्च

पहिल्या एकोणीस जणांचे निकाल शुक्रवारी आले. सतरा जणांचे पूर्वीसारखेच, दोष नाही. एक म्हातारे गृहस्थ, दोष आहे. सुदैवाने त्यांना औषध दुसऱ्या कारणाने चालूच आहे.

आणि शिलाईवाली. दोष आहे.

डॉक्टरांनी त्याच दुपारी इंजेक्शन सुरू केलं. बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची आहे, पण तोवर थांबायचं नाही, म्हणाले. रोज एक, पोटावर. बायको द्यायला शिकलीय. नववा आठवडा. मुलाचे ठोके दिसतात म्हणे. हे सगळं मला बायकोकडून कळतं. मी जिन्यात थांबतो.

लेकीची दोन पानं झाली. मला वाचायला दिली. व्याप्तीच्या परिच्छेदात लिहिलंय, मधल्या खिळीपासून नळीच्या बुडापर्यंतचं अंतर हेही जैववैद्यकात येतं. बाईंनी त्या वाक्याखाली रेघ ओढून 'म्हणजे काय?' असं विचारलंय. तिने उत्तर लिहिलेलं नाही.

"सांगायचं ना बाईंना," मी म्हटलं. "आता सगळ्या इस्पितळाला माहीत आहे."

"ते तुमचं आहे बाबा, मी कशाला सांगू? तुम्ही शोधलंत."

खरं आहे. शोधलं मीच. तिला म्हटलं, पुस्तक विसरणं थांबलेलं दिसतंय. म्हणाली, "हो. परत केलं." चांगलं झालं. दंड वाचला.

३ एप्रिल

टायवाला कागद घेऊन आला. आता माझी खोली नाही, म्हणून व्हरांड्यात, पंख्याच्या शिडीशेजारी बसलो. मजकूर सुबक छापलेला. 'चौदा महिने बिनचूक' ठळक अक्षरांत.

मी त्याला झालं ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "अहो, मग काय झालं? चकती तर उत्तम आहे. चूक फेऱ्यांची होती. फेरे काही आम्ही विकत नाही. तुम्ही सही करा, माप आम्ही बघून घेतो."

त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. चकतीत दोष नाही. हे लिहिताना अजूनही छाती किंचित फुगते, आणि लगेच लाज वाटते. खिशातलं पेन काढलं. लालच निघालं. 'बिनचूक' या शब्दावर काट मारली, वर काही लिहिलं नाही, कागद परत दिला.

"विचार करा," तो म्हणाला. "अशी मागणी परत येत नाही."

खालून मशीनचा आवाज कसा येतोय ते घरी आल्यावर ऐकत बसलो. पट्टा अजून सैलच आहे.

नोंद राहावी म्हणून: मागणी होती चकतीच्या आराखड्याची, कायमची, सोबत माझी सही. नाकारली. रक्कम चार लाख साठ हजार.